विश्लेषण : साखर कारखान्याच्या बॉयलरला परवाना, मग प्रयोगशाळेतल्या लेझरला का नाही?

सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूर (ता. माळशिरस) हे साखर कारखान्याचे गाव. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे ते नकाशावर आले आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. अशा गावात कोणालाही माहीत असते की बॉयलर पेटवायचा तर त्याची नोंदणी लागते, ठरावीक मुदतीने तपासणी लागते आणि तो चालवणाऱ्या अटेंडंटकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. याच भागातली मुले बीएस्सी करून पुढे सोलापूर, कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या संशोधन संस्थांमध्ये जातात. तिथे काही जणांच्या हाती असा लेझर येतो, की त्याचा एक परावर्तित झोत डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते. तो चालवण्यासाठी मात्र देशात कोणताही सरकारी परवाना लागत नाही. मग प्रयोगशाळेतील डोळ्यांची जबाबदारी नेमकी कोणाची, आणि ती निभावायची कशी, याचा हा आढावा.

लेझर डोळ्यासाठी इतका घातक का?

भिंगाने सूर्यप्रकाश एका ठिपक्यावर आणून कागद जाळण्याचा खेळ बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. डोळ्यातही तसेच एक भिंग आहे. साध्या दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो, त्यामुळे त्यातला अगदी थोडा भाग बाहुलीतून आत जातो. लेझरचा झोत मात्र जवळपास समांतर असतो. तो पूर्ण झोत बाहुलीतून आत शिरतो आणि डोळ्याचे भिंग तो मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, काही मायक्रॉनच्या ठिपक्यात एकवटते. अंधाऱ्या खोलीत बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. पडद्यावरचा ठिपका २० मायक्रॉनचा धरला, तर प्रकाशाची तीव्रता एक लाख पटींहून अधिक वाढते. म्हणूनच एक मिलिवॅटचा लेझर थेट डोळ्यात गेला तर पडद्यावरच्या त्या ठिपक्याची तीव्रता सूर्याकडे पाहिल्यावर पडणाऱ्या प्रतिमेपेक्षाही जास्त भरते. घरातला एलईडी दिवा ९ वॅटचा, म्हणजे त्याच्या ९,००० पट शक्तीचा असतो, पण त्याने काही होत नाही. वॅटच्या आकड्यापेक्षा प्रकाश किती एकवटतो याला इथे अधिक महत्त्व आहे.

४०० ते १,४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून पार होऊन पडद्यापर्यंत पोहोचतो. त्यातला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच भाग नीट दिसतो. त्यापुढचा अवरक्त प्रकाश पडद्यापर्यंत जातो, पण दिसत नाही. हा सर्वात फसवा टापू. दिसणारा प्रखर प्रकाश डोळ्यात गेला तर पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या प्रकाशासाठी ती मिटतच नाही. पडद्याला वेदनेची जाणीव नसल्याने दुखतही नाही. अनेक अपघातग्रस्तांनी डोळ्यात ‘पट्’ असा आवाज जाणवल्याचे आणि नंतर काळा किंवा लालसर डाग दिसू लागल्याचे सांगितले आहे. पडद्यावरच्या प्रकाशसंवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. इजा वाचन आणि चेहरे ओळखण्यासाठी लागणाऱ्या मध्यभागी झाली, तर चष्मा लावून ती भरून निघत नाही.

या टापूबाहेरचे लेझरही निरुपद्रवी नाहीत. अतिनील किरणांनी बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होते आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. कारखान्यांत धातू व प्लास्टिक कापायला वापरला जाणारा १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर डोळ्याचा पृष्ठभाग आणि त्वचा भाजतो.

लेझरचे वर्ग कोणते?

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०८२५ या मानकानुसार लेझर उत्पादनांचे धोक्यानुसार वर्ग केले जातात. भारतीय मानक ब्युरोनेही हीच पद्धत आयएस १४६२४ या मालिकेत स्वीकारली आहे. वर्ग १ म्हणजे नेहमीच्या वापरात सुरक्षित. घरातला लेझर प्रिंटर या वर्गात बसतो, कारण त्याचा झोत पेटीबाहेर येत नाही. वर्ग २ मध्ये एक मिलिवॅटपर्यंतचा दिसणारा प्रकाश येतो आणि पापणी मिटण्याची प्रतिक्रिया तिथे बहुधा पुरेशी ठरते. वर्ग ३आर दिसणाऱ्या प्रकाशासाठी पाच मिलिवॅटपर्यंत. वर्ग ३बी अर्ध्या वॅटपर्यंत, आणि इथे थेट झोत डोळ्यात जाणे निश्चितच धोक्याचे. त्यापुढचे सारे वर्ग ४ मध्ये. वर्ग ४ चा लेझर थेट पाहावाच लागतो असे नाही. भिंतीवर किंवा कागदावर पडून विखुरलेला त्याचा प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो. तो कातडी भाजू शकतो आणि पडद्याला किंवा कागदाला आगही लावू शकतो.

वर्गाचे लेबल खरे असेल याची खात्री मात्र नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासले. त्यातील ४४ टक्के लाल आणि ९० टक्के हिरवे पॉइंटर तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेने एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून हिरव्या प्रकाशाहून अधिक शक्तीचा अदृश्य अवरक्त प्रकाश बाहेर पडत असल्याचे दाखवले होते. हिरवा लेझर तयार करताना मुळात अवरक्त प्रकाशच वापरला जातो. तो अडवणारी छोटी काच उत्पादकाने वगळली, की तोही बाहेर येतो. ऑनलाइन मागवलेला स्वस्त लेझर थेट प्रयोगात जोडणाऱ्या विभागांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

संशोधनाची जागा वेगळी का ठरते?

कारखान्यातल्या लेझर कटरचा झोत बंदिस्त असतो. झाकण उघडले की लेझर बंद पडतो. काम रोज तेच आणि माणूसही बहुधा तोच. संशोधनाच्या प्रयोगशाळेत नेमके उलटे असते. तिथे ऑप्टिकल टेबलावर उघड्या झोताचा मार्ग आरसे, भिंगे आणि स्फटिकांमधून संशोधक स्वतः मांडतो आणि प्रयोगागणिक बदलतो. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात. यंत्रावर वेळ मिळवण्यासाठी काम रात्री चालते आणि अनेकदा माणूस एकटाच असतो.

या सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे अलाइनमेंट, अर्थात झोताची जुळवणी. आरसा केसभर वळवून झोत योग्य जागी आणायचा, तर झोत कुठे आहे ते दिसायला हवे. संरक्षक चष्मा लावला की तो दिसत नाही. म्हणून ‘दोन मिनिटांसाठी’ चष्मा कपाळावर जातो. नेमक्या याच वेळी आरसे सैल असतात आणि झोत अनपेक्षित दिशेला उसळू शकतो. संशोधन संस्थांमधील डोळ्यांचे अपघात प्रामुख्याने जुळवणीच्या वेळी आणि चष्मा जवळ असूनही डोळ्यांवर नसताना होतात, हे जगभरातल्या अपघातांच्या नोंदींमधून वारंवार दिसले आहे.

त्यात तरंगलांबीचा फसवेपणा भर घालतो. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरला जाणारा एनडी-याग लेझर १,०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे पूर्ण अदृश्य. टायटॅनियम-सफायर लेझर ८०० नॅनोमीटरच्या आसपास चालतो. त्याचा झोत फिकट लाल दिसतो, कारण या तरंगलांबीला डोळ्याची संवेदनशीलता अगदी क्षीण असते. नवखा विद्यार्थी फिकेपणावरून ‘कमी शक्ती’ असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात त्या फिक्या ठिपक्यात वॅटभर शक्ती असू शकते. हातातले घड्याळ, अंगठी, चकचकीत पाना यावरून झोत परावर्तित होतो. टेबलावरच्या झोताची उंची आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची सहसा जवळपास सारखीच असते. खाली पडलेला स्क्रू उचलून वर येणारे डोके झोताच्या पातळीतून जाते, हा प्रसंग प्रत्येक लेझर प्रयोगशाळेत रोज घडतो.

लॉस अलामॉसच्या अपघातातून काय दिसले?

१४ जुलै २००४ रोजी अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रशिक्षणासाठी आलेल्या एका पदवी विद्यार्थिनीच्या डोळ्याच्या पडद्याला लेझरने इजा झाली. लक्ष्यकक्षातील कण पाहण्यासाठी ती वाकली होती. मार्गदर्शक वैज्ञानिकाची समजूत होती, की त्या क्षणी धोकादायक झोत बाहेर पडत नाही. दोघांपैकी कोणीही संरक्षक चष्मा घातला नव्हता. दोनच दिवसांत प्रयोगशाळेच्या संचालकांनी जवळपास सारे काम थांबवले. त्याच सुमारास गोपनीय संगणकीय साहित्य हरवल्याची तक्रारही आल्याने काम थांबवण्यामागे ती दोन्ही कारणे होती. अनेक विभाग कित्येक महिने पूर्ववत झाले नाहीत.

जगातल्या सर्वात श्रीमंत प्रयोगशाळांपैकी एक, अनुभवी वैज्ञानिक, लिखित नियम आणि उपलब्ध चष्मे असे सारे असूनही अपघात झाला. नियम माहीत असलेला माणूसच घाईत ‘आता लेझर बंद आहे’ असे गृहीत धरतो. त्या गृहीतकाला आव्हान देणारी व्यवस्था जागेवर नव्हती. विद्यार्थिनीने मार्गदर्शकावर विश्वास ठेवला. गुरूच्या शब्दाला प्रश्न न विचारण्याची सवय आपल्याकडे अधिकच खोल आहे. त्यामुळे हा धडा महाराष्ट्रातल्या विभागांनाही लागू पडतो.

सुरक्षा व्यवस्थापन म्हणजे नेमके काय?

सर्वसाधारण समज असा, की लेझर सुरक्षा म्हणजे रंगीत चष्मे. तज्ज्ञांच्या क्रमवारीत चष्मा शेवटी येतो. पहिला प्रश्न असतो, हा झोत उघडा ठेवण्याची गरज आहे का? तो नळीतून किंवा झाकणाखालून नेता आला तर निम्मी चिंता मिटते. दुसरी पायरी इंटरलॉकची. दार किंवा झाकण उघडताच लेझर आपोआप बंद व्हावा किंवा त्याचे शटर पडावे. तिसरी, टेबलाच्या कडेने उभे पत्रे लावून भरकटलेला झोत टेबलाबाहेर जाऊ न देणे, आणि वापरून उरलेला झोत ‘बीम डंप’मध्ये शोषून टाकणे. चौथी, दाराबाहेर लेझर चालू असताना पेटणारा दिवा आणि वर्ग, तरंगलांबी, शक्ती लिहिलेली पाटी.

यानंतर कामाची पद्धत येते. जुळवणी नेहमी शक्य तितक्या कमी शक्तीवर करायची. अदृश्य झोत पाहण्यासाठी अवरक्त कार्ड किंवा कॅमेरा वापरायचा, म्हणजे चष्मा काढावा लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या. झोताच्या उंचीवर डोळे नेऊन पाहायचे नाही. वर्ग ४ च्या लेझरवर एकट्याने जुळवणी करायची नाही. ही पद्धत त्या विशिष्ट टेबलासाठी लिहून भिंतीवर लावायची आणि मांडणी बदलली की तीही बदलायची.

चष्मा निवडतानाही रंग पाहून चालत नाही. प्रत्येक चष्म्यावर तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे आणि त्याची प्रकाशीय घनता, म्हणजे ओडी, किती हे छापलेले असते. ओडी ५ म्हणजे त्या तरंगलांबीचा एक लाखावा भागच पार होतो. हिरव्या लेझरसाठीचा चष्मा अवरक्त लेझरपुढे साध्या काचेसारखा ठरू शकतो. एकाच टेबलावर दोन तरंगलांबी असतील, तर चष्मा दोन्ही अडवणारा हवा. ओरखडे पडलेला किंवा तडा गेलेला चष्मा बाद समजायचा.

आणखी एक धोका अनेकदा विसरला जातो, तो म्हणजे वीज. लेझरच्या वीजपुरवठ्यात हजारो व्होल्टचे संधारक असतात आणि यंत्र बंद केल्यावरही त्यांत भार राहू शकतो. लेझर प्रयोगशाळांमध्ये जीव गेल्याच्या घटना प्रकाशामुळे नव्हे, तर विजेच्या धक्क्याने घडल्या आहेत.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी लेझर सुरक्षा अधिकारी असतो. त्याचे काम केवळ नोंदवही ठेवण्याचे नसते. धोका दिसला तर प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे असणे ही या पदाची खरी ओळख. हा अधिकार ज्येष्ठ प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतही चालायला हवा. संशोधन गटातल्याच सर्वात कनिष्ठ विद्यार्थ्यावर हे पद सोपवले, तर ते कागदावरच राहते.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुठे उभा आहे?

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिउच्च तीव्रतेच्या लेझरची प्रयोगशाळा आहे. तिथला मोठा लेझर क्षणिक स्पंदात सुमारे १०० टेरावॅट शक्ती गाठतो. स्पंदाचा काळ फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख-अब्जाव्या हिश्श्याच्या पटीतला, त्यामुळे एकूण ऊर्जा मर्यादित असते. पण डोळ्यासाठी असे अतिलघु स्पंद अधिक कठीण, कारण ऊतींना उष्णता पसरवायला वेळच मिळत नाही. असा झोत घन लक्ष्यावर आदळला की क्ष-किरणही निर्माण होतात. पुण्यातील आयसर, पवईची आयआयटी अशा संस्थांतही लेझर हे रोजचे साधन आहे. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांत रामन वर्णपटमापीसारखी यंत्रे असतात. झाकण बंद असेल तोवर अशी यंत्रे सुरक्षित, पण दुरुस्तीसाठी झाकण उघडले की आतला वर्ग ३बी चा लेझर उघडा पडू शकतो.

राज्यातला सर्वात मोठा लेझर प्रयोग हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरात उभा राहायचा आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये, निर्वात नळ्यांतून, १,०६४ नॅनोमीटरचा अदृश्य लेझर धावणार आहे. अमेरिकेतील लायगोचे लेझर कमाल सुमारे २०० वॅटसाठी आखलेले आहेत आणि भुजांत साठणारी प्रकाशशक्ती शेकडो किलोवॅटपर्यंत जाते. शिवाय भुजांची लांबी स्थिरावण्यासाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर वापरला जातो. नळ्या बंद असताना बाहेरच्याला धोका नाही. आरशांवर काम करण्यासाठी कक्ष उघडावे लागतात, तेव्हा तो असतो. अमेरिकेतल्या वेधशाळांनी यासाठी साधी पण कडक पद्धत ठेवली आहे. मुख्य दालन एका वेळी ‘लेझर सुरक्षित’ किंवा ‘लेझर धोका’ यापैकी एकाच स्थितीत असते. स्थिती बदलली की त्याची जाहीर नोंद होते, दाराशी सूचना बदलते आणि धोक्याच्या स्थितीत प्रशिक्षित माणसालाच चष्म्यासह प्रवेश मिळतो. लॉस अलामॉसमध्ये जे एका माणसाच्या समजुतीवर अवलंबून होते, ते इथे सर्वांना दिसणाऱ्या पाटीवर येते. औंढ्यात स्थानिक तंत्रज्ञ, कंत्राटी कामगार आणि विद्यार्थी अशा सर्वांना ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडावी लागेल.

कायदा काय सांगतो?

विद्यापीठाच्या एकाच मजल्यावर तीन खोल्या असल्याचे समजू. पहिल्या खोलीत क्ष-किरण विवर्तन यंत्र आहे. ते अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येते. दुसऱ्या खोलीत जनुकीय बदलांचे प्रयोग चालतात. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांनुसार त्यासाठी संस्थेत जैवसुरक्षा समिती बंधनकारक आहे. तिसऱ्या खोलीत वर्ग ४ चा लेझर आहे. त्यासाठी स्वतंत्र परवाना नाही, नोंदणी नाही आणि नेमलाच पाहिजे असा अधिकारीही नाही.

याचे कारण कायद्याच्या व्याख्येत आहे. अणुऊर्जा अधिनियम १९६२ मध्ये ‘किरणोत्सर्गा’ची व्याख्या करताना गॅमा, क्ष-किरण, अल्फा, बीटा इत्यादींचा समावेश केला आहे आणि दृश्य, अवरक्त व अतिनील प्रकाश स्पष्टपणे वगळला आहे. त्यामुळे साधा लेझर मंडळाच्या किरणोत्सर्ग नियमांबाहेर राहतो. अणुऊर्जा खात्याच्या स्वतःच्या संस्थांत औद्योगिक सुरक्षेची देखरेख मंडळाकडे असल्याने तिथे शिस्तीची चौकट आहे. राज्य विद्यापीठांना ती लागू नाही.

कामगार कायद्यांत डोळ्यांचा विचार जुना आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३५ मध्ये उडणाऱ्या कणांबरोबरच अतिप्रखर प्रकाशापासूनही कामगारांच्या डोळ्यांचे रक्षण करण्यासाठी पडदे किंवा गॉगल बंधनकारक करता येतील, अशी तरतूद होती. या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मोठ्या कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पूर्वी १,००० कामगारांपासून होती, ती नव्या संहितेत ५०० वर आली. पण हे सारे रोजगाराच्या नात्यावर उभे आहे. पीएचडीचा विद्यार्थी पगारावर नसतो, तो पाठ्यवृत्तीवर असतो. विद्यापीठाचा विभाग कारखाना नसतो. प्रयोगशाळेत सर्वाधिक तास झोताजवळ घालवणारी व्यक्तीच या संरक्षणाच्या कडेला राहते.

इतर देशांत काय होते?

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या कृत्रिम प्रकाशीय किरणांबाबतचे नियम २०१० पासून लागू आहेत. त्यांचा आधार युरोपीय संघाचा २००६ चा निर्देश होता. त्यानुसार मालकाने धोक्याचे मूल्यमापन करणे आणि डोळा व त्वचेसाठीच्या मर्यादा पाळणे कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीत वरच्या वर्गांतील लेझरसाठी प्रशिक्षित लेझर सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. अमेरिकेत चित्र मिश्र आहे. उत्पादकांवर केंद्रीय नियम आहेत, पण प्रयोगशाळेतील वापरासाठी प्रामुख्याने एएनएसआय झेड१३६ या ऐच्छिक मानकांचा आधार घेतला जातो. संशोधन, विकास आणि चाचणीच्या जागांसाठी त्यातला आठवा भाग स्वतंत्र आहे. ही मानके ऐच्छिक असली तरी विमा आणि निधी यांच्या दबावामुळे विद्यापीठे ती पाळतात. म्हणजेच कायदा नसतानाही व्यवस्था उभी राहू शकते, पण त्यासाठी कोणीतरी अट घालावी लागते.

मिरवणुकीतला लेझर आणि प्रयोगशाळेतला लेझर

महाराष्ट्रात लेझरची चर्चा झाली ती गणेशोत्सवामुळे. २०२३ आणि २०२४ च्या मिरवणुकांनंतर पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने बंदीची मागणी केली. पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मिरवणुकांतील लेझर झोतांवर बंदीचा आदेश काढला. हे आदेश तात्पुरते असतात आणि दर उत्सवाला नव्याने काढावे लागतात. तरीही रस्त्यावरच्या लेझरबाबत प्रशासन हलले, कारण इजा झालेल्यांची संख्या आणि गर्दी दोन्ही दिसत होत्या. प्रयोगशाळेत एका वेळी एकच विद्यार्थी असतो. अपघात झाला तर तो विभागाच्या भिंतींआड राहण्याची शक्यता अधिक. अपघात सांगितला तर संशोधन थांबेल, मार्गदर्शक नाराज होतील, ही भीती विद्यार्थ्याला गप्प बसवते.

बॉयलरचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ चा देशव्यापी कायदा झाला आणि आता त्याची जागा बॉयलर कायदा २०२५ ने घेतली आहे. बॉयलरचा स्फोट साऱ्या गावाला ऐकू जातो. डोळ्याच्या पडद्यावरचा भाजलेला ठिपका फक्त त्या एका माणसाला दिसतो. त्यामुळे लेझरसाठी अशाच मोठ्या अपघाताची वाट पाहिली, तर कायदा कधीच येणार नाही.

परवान्याची सक्ती हाच उपाय का?

यावर संशोधकांचा आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. आधीच खरेदी, निविदा आणि अहवालांत वेळ जातो. त्यात प्रत्येक लेझरसाठी सरकारी परवाना आला, तर संशोधन रखडेल आणि तपासणी कागदी होईल. लेझरची मांडणी दर महिन्याला बदलते. वर्षातून एकदा येणारा निरीक्षक ती कशी तपासणार? हा युक्तिवाद परवान्याविरुद्ध जातो, पण जबाबदारी निश्चित करण्याविरुद्ध जात नाही. जैवसुरक्षा समितीचे उदाहरण समोर आहे. तिथे जबाबदारी संस्थेवर टाकली आहे आणि समिती संस्थेतच बसते. लेझरसाठीही निधी देणाऱ्या यंत्रणा साधी अट घालू शकतात. वर्ग ३बी आणि ४ च्या लेझरसाठी अनुदान हवे असेल, तर संस्थेत नेमलेला लेझर सुरक्षा अधिकारी, लेझरची यादी, प्रशिक्षणाची नोंद आणि योग्य चष्म्यांसाठी अनुदानातच तरतूद असावी. लाखो रुपयांच्या लेझरसोबत काही हजारांचा चष्मा अंदाजपत्रकात नसणे, हा पैशांपेक्षा सवयीचा प्रश्न आहे. अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग शिक्षेच्या भीतीविना नोंदवता यावेत, ही दुसरी गरज.

विद्यार्थी आणि पालकांनी काय पाहावे?

संशोधनासाठी प्रयोगशाळेत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात काही प्रश्न विचारायला हरकत नाही. इथला लेझर कोणत्या वर्गाचा, कोणत्या तरंगलांबीचा आणि किती शक्तीचा? माझ्या चष्म्यावर तीच तरंगलांबी छापलेली आहे का? आणीबाणीत बंद करण्याचे बटण कुठे आहे? दार उघडले की झोत थांबतो का? जुळवणीची लिखित पद्धत कुठे आहे? काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो मला आहे का? काही संस्था लेझरवर काम सुरू करण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घेतात. ती झाली तर पुढे काही घडल्यास तुलना करता येते.

डोळ्यात झोत गेल्याची शंका आली तर लेझर ताबडतोब बंद करावा, डोळा चोळू नये, स्वतःहून कोणतेही थेंब घालू नयेत. लेझरची तरंगलांबी, शक्ती आणि स्पंदाचा काळ लिहून घेऊन त्याच दिवशी रेटिनातज्ज्ञाकडे जावे. सोबत दुसऱ्या कोणी जावे, गाडी स्वतः चालवू नये. दुखत नाही म्हणून थांबणे ही सर्वात महागात पडणारी चूक. पडद्याची ओसीटी तपासणी केल्यावर इजा किती खोल आहे ते कळते. सूज आणि रक्तस्रावावर काही प्रमाणात उपचार होतात, मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. त्यामुळे खरा उपाय चष्मा कपाळावर नेण्याच्या त्या ‘दोन मिनिटां’आधीच करायचा असतो.